माझा हरवलेला गचका

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात सावकाश हलणारी जुनी फळी म्हणजे मी. रोग्याच्या रक्तातून काढलेल्या पांढऱ्या पेशींची पिशवी माझ्यावर ठेवतात आणि मी तिला झुलवत राहते. पेशी वाढल्या, की कर्करोगाशी लढायला त्या पुन्हा त्याच माणसाच्या अंगात सोडतात.

नवी होते तेव्हा माझ्या संथ चालीचे कौतुक होई. पुढे आतल्या चाकाचा एक दात झिजला आणि दर फेरीला मला गचका बसू लागला. मग दुसरी फळी आली. माझ्या वाट्याला रिकाम्या बाटल्या उरल्या.

त्याच सुमारास एका शिंपीणबाईंच्या पेशी आल्या. नव्या फळीवर त्या भरपूर वाढल्या. पण काचेवर तपासल्या, तर कर्करोगाच्या पेशीला नुसत्या टेकत आणि सुटून जात. बाईंचे रक्त आता एकदाच काढता येणार होते. ते काढले आणि त्यातल्या निम्म्या पेशी गोठवून ठेवल्या. नव्या फळीवर जागा नव्हती, म्हणून उरलेल्या निम्म्या माझ्यावर आल्या. माझी पाचावर धारण बसली.

पाचव्या दिवशी तंत्रज्ञ ताईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. पेशी कर्करोगाच्या पेशींना गोचिडासारख्या चिकटल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या पेशींना ताण बसला तर त्यांची पकड घट्ट होते म्हणतात. माझ्या गचक्यामुळेच हे झाले का, ते मात्र त्यांनाही सांगता येईना.

नेमका तेव्हाच मेकॅनिक हत्यारे घेऊन आला.

"काका, पिशवी उतरेपर्यंत हिला हात लावू नका," ताई म्हणाल्या.

"अहो, बिघाड आहे तो."

"असू दे. तोच हवाय."

"तीन वर्षं तक्रारी तुमच्याच. आता म्हणे हवाय."

काका शब्दाला जागले. पिशवी उतरताच त्यांनी नवा दात बसवला. आनंदाच्या गडबडीत ताईंना ते कळलेच नाही; कळले ते आज सकाळी, मी गचक्याशिवाय हलले तेव्हा.

त्या पेशी अंगात सोडल्यावर शिंपीणबाईंची कर्करोगाची गाठ निम्म्यावर आली. आता उरलेल्या निम्म्यासाठी गोठवलेल्या पेशी माझ्यावर ठेवायच्या आहेत, आणि मी तर ठणठणीत बरी झाले आहे. याचा आनंद मानू की दुःख, समजत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची दुरुस्ती जरूर करा. पण त्यांचे दुखणे काढण्याआधी ते एकदा मोजून, लिहून ठेवा. माझा गचका कोणीच मोजला नव्हता. सकाळपासून ताई माझ्या पायाखाली कागदाच्या घड्या सरकवून बघत आहेत.

"अशी हलायचीस का ग?" त्या विचारतात.

मला आठवत नाही.