बुजवलेला कल्ला

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. माझा आवाज आता फार बारीक झाला आहे, मागच्यांना ऐकू जायचा नाही. कीर्तनात बुवा आख्यान लावतात ना, तशी एक गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे. फरक एवढाच, की हे आख्यान माझं स्वतःचं आहे आणि साथीला टाळ-मृदंग नाहीत.

मी एक जुनी मत्स्यकन्या आहे. समुद्रातली नव्हे, मातीची. उंची दोन विती, रंग खाडीच्या गढूळ पाण्याचा. गोखिवऱ्यातल्या एका गाळ्यात, रंगाच्या डब्यांमागे, धूळ खात उभी आहे.

मला घडवलं ॲल्रॉयने. तो याच गाळ्यात प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवतो. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की त्याच्या ओटीवर मित्र जमत आणि एक वेगळाच खेळ रंगे. त्यात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि संकट आलं की फासे टाकून ठरतं, कोण तरलं नि कोण बुडालं. गोष्ट सांगायची हेमाली, शाळेत विज्ञान शिकवणारी. त्या गोष्टीतले राक्षस, पक्षी, जलचर घडवायचे ॲल्रॉयने.

मित्रांनो, खरं सांगते, पहिल्यांदा मी अगदी कॅलेंडरावरची बाई होते. कमरेपर्यंत केस आणि हातात आरसा. ॲल्रॉयने मोठ्या तोऱ्यात मला मध्ये ठेवलं. हेमालीने मला फिरवून पाहिलं.

"ॲल्रॉय, ही खाते काय?"

"खाते काय म्हणजे? मत्स्यकन्या आहे ती."

"मग उपाशी असते का? आणि एवढे केस घेऊन पोहते? पहिल्याच जाळ्यात अडकेल बिचारी. हिला बघून कोणी घाबरणार नाही रे, सेल्फी काढतील!"

मित्रांपैकी डेन्झिलच्या नाकातून चहा बाहेर आला.  ॲल्रॉयने मला उचललं, मळलं आणि पुन्हा मातीचा गोळा केला. मला वाईट वाटलं नाही. खोटी मत्स्यकन्या होण्यापेक्षा खरा गोळा होणं बरं.

दुसऱ्या दिवशी तो मला पिशवीत घालून मासळी बाजारात गेला. तिथे द्वारकामावशी बसत. पुढ्यात मासे कापायची कोयती, ओठांवर अभंग, असं त्यांचं ध्यान. एकादशीला माशांची पाटी उचलायची नाही आणि देवळातलं कीर्तन चुकवायचं नाही, हे त्यांचे दोन नेम. ॲल्रॉय दोन दिवस त्यांच्यासमोर उभा राहून माशांची चित्रं काढत होता. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "पोरा, मासा घेनार हायस, का नुसता नजर लावनार हायस?"

त्याने सगळं सांगितलं. मावशी कोयतीवर हात ठेवून हसत सुटल्या. "अगो बायांनो, या पोराला अर्धी बाई आनि अर्धा मासा पायजे!"

"दे अर्धा किलो!" शेजारची ओरडली.

पण हसू ओसरल्यावर मावशींनी विचारलं, "कंच्या पान्यातली ती? निवळ पान्यातली का खाडीतली?"

ॲल्रॉयने पिशवीतला माझा गढूळ गोळा पाहिला आणि म्हणाला, "खाडीतली." तिथून माझा खरा जन्म सुरू झाला. खाडीतली म्हटल्यावर डोळे बारीक आले, कारण गढुळात डोळ्यांचा उपयोग काय? हनुवटीला शिंगाळा माशासारख्या मिशा आल्या. माशाला पापणी नसते, म्हणून माझ्याही पापण्या गेल्या. आणि गाणं तर मुळीच नको, मावशी म्हणाल्या. "घोळ मासा पान्याखाली कुरकुरतो. आमचे बाबा वल्ह्याला कान लावून ऐकायचे. तुझी बाई तशीच बोलेल." खेळातला खेकड्याच्या अंगाचा पहारेकरीसुद्धा मावशींनीच सुधारला. कात टाकली की खेकडा मऊ पडतो, लपून बसतो. मग त्या दिवशी खेळातल्या किल्ल्यावर पहारा नाही! रविवारी हे ऐकून हेमालीने टाळी वाजवली.

एकदा ॲल्रॉयने विचारलं, "मावशी, लोक हे सगळं खरं मानतील?"

"बुवा सांगतात ती माशाची गोष्ट ऐकलीस काय? मासा आधी ओंजळीत दाखवतात. मग तांब्यात, मग हंड्यात, मग तळ्यात. तवा कुठे समुद्राएवढा मासा आपन मानतो. तू आधी बारीक खरं दाखव. मोठं खोटं मग कोनीबी पदरात घेईल."

मी तयार झाले, पण ओली होते, तेव्हा ॲल्रॉय मला मावशींना दाखवायला घेऊन गेला. "कल्ला उचलून ताजा हाय का बघितल्याशिवाय मी कोनाचा मासा घेत नाय," म्हणत त्यांनी माझ्या कानाखालचा कल्ला, श्वासाच्या फटीवरचं ते झाकण, अंगठ्याने अलगद उचलला. आत त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला. ॲल्रॉय तो पुसायला गेला. मग म्हणाला, "राहू दे. छान दिसतो."

मावशींनी मागितलं ते एकच. "कीर्तनाला उभे राहिले की बुवा पहिलं गुरूचं नाव घेतात. तू कुठं उभा राहिलास, तर माझं घेशील?"

"पहिलं तुमचंच घेणार, मावशी." त्याने गळ्यातल्या क्रुसाला हात लावून सांगितलं. मी ऐकलं आहे.

मग त्याच्या आईच्या नाताळच्या केकच्या ओव्हनमध्ये, आत मावावं म्हणून शेपटी वळवून, मी भाजून निघाले. ठसा कायमचा झाला.

वर्षभरात खेळ बनवणाऱ्या एका कंपनीने खेळातल्या पात्रांची स्पर्धा ठेवली आणि माझ्यासाठी ॲल्रॉयला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस समारंभाला द्वारकामावशी आल्या होत्या. त्या दिवशीचा धंदा सोडून, जरीचं लुगडं नेसून, बाजारातल्या तीन बायांना घेऊन दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. घरी, बाजारात, देवळात त्यांनी सांगून ठेवलं होतं, आज माझं नाव घेनार हायत.

परीक्षकांनी विचारलं, "इतकी खरी वाटणारी मत्स्यकन्या तुम्हाला सुचली कशी?"

मी टेबलावर होते. मी पाहिलं. ॲल्रॉयची नजर दुसऱ्या रांगेवर गेली, तिथून कंपनीच्या कोटवाल्या साहेबांवर आली. तो म्हणाला, "सर, सगळी माझी कल्पना. लहानपणापासून असं काहीतरी डोक्यात यायचं."

टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेतली एक बाई कुजबुजली, "अजून नाय आलं गो तुझं नाव?"

"येल. शेवटाला येल," मावशी म्हणाल्या.

शेवट झाला. नाव आलं नाही.

लोक पांगल्यावर मावशी टेबलापाशी आल्या. ॲल्रॉय घाईघाईने म्हणाला, "मावशी, टाइमच नव्हता हो…"

"कीर्तन तीन तासांचं असतं, पोरा. गुरूचं नाव घ्यायला एक श्वास लागतो."

मग त्यांनी माझ्या कल्ल्याखाली अंगठा सरकवला. तो ठशात नेमका बसला. "ताजी हाय," एवढंच म्हणाल्या आणि लुगड्याचा पदर सावरत निघून गेल्या.

पुढच्या रविवारी हेमालीने त्याला सरळ विचारलं, "मावशींचं नाव का नाही घेतलंस?"

"यार, स्टेजवर मासेवालीचं नाव घेतलं असतं तर लोक हसले असते."

"इथे आम्ही हसलो होतो, तुझ्या आरसेवाल्या बाईला. तेव्हा मावशींनीच तुला वाचवलं." तिने फासे उचलले आणि ती गेली. ओटीवरचा खेळ तिथेच मोडला.

आणि मित्रांनो, माझं काय झालं, ऐका. कंपनीचे साहेब म्हणाले, गालाजवळच्या त्या फटी मुलांना किळसवाण्या वाटतील, चेहरा गुळगुळीत करा. ॲल्रॉयने पुट्टी कालवली. ज्या हातांनी मला श्वास दिला, त्याच हातांनी माझे दोन्ही कल्ले बुजवले, वरून घासून साफ केले. पुट्टी भरण्याआधी त्याने एकदा ठशाकडे पाहिलं, हे मी नाकारत नाही. पण तो थांबला नाही. मग माझ्यावरून लहान मापाचा साचा निघाला, बोटाएवढ्या शेकडो मत्स्यकन्या दुकानांत गेल्या आणि मी डब्यांमागे आले. ॲल्रॉय आता मासळी बाजाराच्या रस्त्याने जात नाही, लांबून वळसा घालतो.

मला वाटायचं, ज्याने मला खरं केलं तो माझ्याशी तरी खरा राहील. पापणी नाही मला. नाहीतर त्या दिवशी दुसऱ्या रांगेकडे पाहताना मी डोळे मिटून घेतले असते.

पण ठसा पुट्टीच्या आत अजून आहे. तो पुसला गेलेला नाही, फक्त झाकला गेला आहे. तुम्हीही कधी काही घडवाल, टाळ्या मिळतील, उभं राहायची वेळ येईल. तेव्हा तो एक श्वास वाचवू नका, बाळांनो.

आणि एखाद्या दुकानात गुळगुळीत गालांची छोटी मत्स्यकन्या दिसली, तर तिच्या कानाखाली अंगठा हळूच टेकवा. तिथे एक कल्ला होता. तो ज्यांनी पहिल्यांदा उचलून पाहिला, त्या द्वारकामावशींची आठवण काढा.