मेंदी उतरवण्याचे उपाय

मिळेल तिथं झोपायची कला राजेश्रीनं नोकरीत कमावली होती. विमानात लोकांना उशा वाटणाऱ्या मुलीला स्वतःची उशी कधी मिळेल याचा नेम नसतो. नवरा सुरज हैदराबादेतच एका औषध कंपनीत रात्रपाळीला. नव्या संसारात दोघांची भेट बहुधा लिफ्टपाशी व्हायची, एक आत शिरताना आणि एक बाहेर पडताना. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला माहेरी सेलूला यायची रजा मिळाली, तेव्हा तिनं आईला फोनवर एकच सांगितलं, "मला काही नको. नुसतं झोपू दे."

सकाळी ती गाडीतून उतरली, अर्धा चहा तसाच ठेवून माजघरात आडवी झाली आणि उठली तेव्हा उन्हं कलली होती. हात जड वाटत होते. वर करून पाहिले, तर दोन्ही तळव्यांवर वाळलेल्या मेंदीचे गोल आणि बोटांची टोकं टोपी घातल्यासारखी माखलेली.

तिनं अशी किंकाळी फोडली की अंगणातल्या लिंबाखाली झोका खेळणाऱ्या बायका थांबल्या.

"काय झालं माय?" आई, विजयमाला, धावत आली. "सपान पडलं का?"

"आई, हे कुणी केलं?"

"मीच की! पहिली पंचमी आन् कोरे हात? गल्ली काय म्हणंल? तुझी झोपमोड नको म्हणून हळूच लावली. तू तर कूस बी बदलली न्हाईस."

"अगं, कामावर मेंदी चालत नाही. विमानात चढायच्या आधी हात तपासतात. शनिवारी माझं पहिलं दुबईचं विमान आहे!"

"मेंदीनं इमान पडतंय का काय?"

विमान पडणार नव्हतं, राजेश्री मात्र त्यातून उतरणार होती. परदेशाच्या त्या फेरीची तिनं कधीपासून वाट पाहिली होती. हातावर रंग दिसला की तिच्या जागी दुसरी जाणार, आणि पुन्हा पाळी केव्हा येईल हे कंपनीलाच माहीत.

मेंदी खरवडली. खाली पिकल्या जांभळासारखा रंग निघाला.

"लय रंगली!" झोक्यावरून आलेल्या कमलबाई म्हणाल्या. मग आईनं त्यांना दटावून प्रसंग समजावला. त्यासरशी सगळी गल्ली मदतीला लागली. कमलबाईंनी लिंबू पिळून साखर चोळली. अंबाबाईंनी तव्यावर लवंगा टाकून हातांना धुरी दिली. कुणी राईचं तेल आणलं. तासाभरात रंग आणखी गडद झाला. या गल्लीत मेंदी रंगवायचे सगळे उपाय सगळ्यांना पाठ होते. ती उतरवायला मात्र आजवर कुणी बसलंच नव्हतं.

बायका हळहळत निघून गेल्या. राजेश्री ओट्यावर बसून राहिली. कॉलेजात रसायनशास्त्र शिकून आपण लिंबू चोळून घेतलं, याचं तिला मेंदीइतकंच वाईट वाटत होतं. हा रंग कातडीवर बसत नाही, कातडीत मुरतो. वरचा थर झिजेल तेव्हाच तो जाणार. पण चार-पाच दिवसांत इतकं झिजायचं कसं?

समोर सविता वहिनी राखेनं कढई घासत होती. तिचे हात बघता बघता राजेश्रीला आपल्या लग्नाचे फोटो आठवले. मांडवात वहिनीचे हात लालभडक होते. त्याच आठवड्यातल्या पूजेच्या फोटोत पांढरेफटक.

ती उठली. "वैनी, सरक. आजपासून तुझी सगळी कामं मी करते."

"अगंबाई! न्हाई हो ताई, तुमी पावण्या," सविता म्हणाली, आणि दुसऱ्यांदा आग्रह व्हायची वाट न बघता हात धुऊन झोक्यावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पंचमी. गल्लीतल्या लेकी नटून झोके घेत होत्या आणि हवाईसुंदरी शेणानं अंगण सारवत होती. भाऊ बालाजी कापसावर फवारणी करून आला. त्याचे कपडे तिनं दगडावर आपटले. पुरणाचं पातेलं, दुधाचं करपलेलं भांडं, भाकरीची परात, सगळं तिच्यापुढं आलं. शेजारच्या बायकांनाही माया दाटून आली. कमलबाई आपलं जळकं पातेलं घेऊन आल्या. "तुला उपेगी पडंल म्हणून आणलं गं."

सविता कोपरापर्यंत रंगलेले हात मांडीवर ठेवून झोक्यावरून लक्ष ठेवी.

"ताई, कढई मागून बी काळी हाय."

"बघते."

"आन् चहा मिळंल का बाई? मी इमानात खिडकीपाशी बसलेय."

"साखर किती, मॅडम?" राजेश्री दात आवळून म्हणाली. सवयीनं ओठांवर हसू मात्र आलंच.

"असंच हसतीस व्हय तिथं?" आईनं कौतुकानं विचारलं.

शुक्रवारपर्यंत रंग आधी शेंदरी झाला, मग हळदीसारखा, मग नुसता संशय उरला. राजेश्रीच्या कमरेनं राजीनामा दिला होता आणि झोप म्हणाल तर विमानात होते तेवढीही झाली नव्हती.

स्टेशनवर सगळे पोचवायला आले. गाडी हलायच्या आधी आईनं धपाट्यांचा डबा खिडकीतून दिला आणि डोळे पुसले. "चुकलंच माय माझं. मी तर तुला उठवूनच लावणार व्हते. सविताच म्हणली, उठवू नका आत्याबाई, झोपेतच लावू. कंपनीत चालतंय का, इचारलं बी मी तिला. म्हणली, न्हाई चाललं तर बघू कायतरी. लय जीव हाय तिचा तुझ्यावर."

राजेश्रीनं मान वळवली. आईच्या मागं सविता उभी होती. पंचमी होऊन गेली तरी तिचे हात तसेच लालभडक होते, लग्न झाल्यापासून बहुधा पहिल्यांदाच. त्यातला एक तिनं वर केला आणि हलवला.

"ताई, दिवाळीला या बरं का!" ती ओरडली. "दिवाळीला भांडी लय निघतात!"

राजेश्रीला चिडायचं होतं. पण गाडी निघाली आणि तिला हसूच फुटलं, ते परभणी येईपर्यंत थांबेना. समोरच्या बाई जरा सरकून बसल्या.

शनिवारी गणवेश चढवून, रंगलेली नखं नियमातल्या लाल नेलपॉलिशखाली झाकून ती तपासणीला उभी राहिली. पर्यवेक्षक बाईंनी केस पाहिले, बूट पाहिले, मग म्हणाल्या, "हात."

राजेश्रीनं हात पुढं केले. बाईंनी ते उलटेसुलटे केले, बोटानं तळवा चाचपला आणि कपाळाला आठी घातली.

"रंग, डाग काही नाही. जा. पण हे हात इतके खरखरीत कसे? क्रीम लावत जा. सुटीत काय करत होतात?"

"आराम, मॅडम," राजेश्री म्हणाली, आणि दुबईच्या विमानाकडे चालू लागली.