साडेसहाचं पाणी

"अगं, तुझ्या त्या यंत्रानं माझी रोपं मारली!" मावशीचा आवाज फोनमधून बाहेर येत होता. "सकाळी पाणी सोडतं, संध्याकाळी ढिम्म. चार दिवस लेकीकडे काय गेले, वाफेच्या वाफे करपले!"

रोपवाटिका म्हणजे मावशीचा जीव. हे यंत्र तिनं भाचीच्या शब्दावर घेतलं होतं. त्याचा प्रोग्राम भाचीच्याच ऑफिसात लिहिला जाई.

भाचीनं सेटिंगची फाइल उघडली आणि तिचं डोकंच फिरलं. पाण्याच्या वेळा तिनं अवतरणचिन्हांत लिहिल्या होत्या. चिन्हं गायब! ती नसली, की फाइल वाचणारा प्रोग्राम १८:३० ला वेळ समजतच नाही. अठरा तासांची मिनिटं करून वर तीस मिळवतो आणि नुसता आकडा धरतो, अकराशे दहा. अकराशे दहा वाजता कोण पाणी सोडणार? सकाळच्या ०६:३० ची सुरुवातच शून्यानं होत होती, म्हणून प्रोग्रामनं तिचा आकडा केला नाही; ती वेळ तेवढी बचावली. 'चिन्हं काढू नयेत' हा तिचा शेराही कुणी पुसला होता. कुणी, तेही फाइलमधल्या बदलांच्या नोंदीत दिसत होतं. टीमच्या प्रमुखांनी.

"सर, चिन्हं तुम्ही काढलीत?"

"हो. फाइल गचाळ दिसत होती. आणि त्या रोपवाल्या बाईंना मी कळवलंय, तुम्हीच भलतं बटण दाबलं असणार म्हणून. या वयात होतं असं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्या माझ्या मावशी आहेत. आणि त्यांनी बटणाला हातही लावलेला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी?"

"टीचभर चिन्हांसाठी केवढं आकांडतांडव!"

"टीचभर होती, तर हात कशाला लावलात? काढू नका असं लिहिलं होतं. वाचलं नाहीत का?"

सगळ्यांच्या माना वळल्या. प्रमुखांनी फाइल चालवून पाहिली. पडद्यावर १११० उमटलं. मग फोन उचलून ते मावशीला म्हणाले, "जरा तांत्रिक अडचण झाली होती."

"अडचण नाही, मावशी," ती फोनजवळ वाकून म्हणाली. "चूक यांची होती."

पलीकडून मावशीनं एवढंच विचारलं, "मग रोपं लावून द्यायला येताय का?"

प्रमुखांनी फोन तिच्या हातात दिला.

चिन्हं तिनं त्याच दिवशी परत घातली. रविवारी वाळलेली रोपं उपटायला ती एकटीच गेली. मावशी तिच्याशीही धड बोलली नाही. यंत्राचा शब्द भाचीनंच दिला होता ना!