पिवळी वायर

दूर बसून फायरवॉलचा पत्ता बदलणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणं, हे ती ऑफिसातल्या नव्या पोरांना घसा कोरडा होईस्तोवर सांगायची. आज भर दुपारी तिनेच ती चालवली.

लांबच्या एका छोट्या हॉस्पिटलला इंटरनेटवाल्यांनी नवा इंटरनेट-पत्ता दिला होता. तिने तो आपल्या टेबलावरून तिथल्या लाइनवर पहारा ठेवणाऱ्या यंत्रात, फायरवॉलमध्ये भरला, पण गेटवेचा, म्हणजे बाहेर पडायच्या वाटेचा, एक आकडा चुकला. सेव्ह केलं आणि हॉस्पिटल पडद्यावरून गायब झालं. चूक दिसत होती. दुरुस्त करायला आत शिरायची वाटही त्याच लाइनवरून होती, आणि तीच बाईसाहेबांनी स्वतः बंद केली होती.

तिकडे अपघातात सापडलेल्या एकाच्या डोक्याचा स्कॅन शहरातल्या सर्जनला पाठवायचा अडकला. तो पाहूनच ऑपरेशनचं ठरणार होतं. गाडी काढून पोचेपर्यंत संध्याकाळ झाली असती.

एक मागचं दार होतं. फायरवॉल बसवताना तिनेच त्या यंत्राला पिवळ्या वायरीने एक छोटा मोडेम जोडला होता, वेगळं सिमकार्ड घालून. तो एरवी बंद असायचा. अडीनडीला हॉस्पिटलातल्या कुणीतरी त्याचं बटण दाबायचं. पण रिचार्ज नसेल तर कार्ड केव्हाच मेलेलं असणार. रिचार्ज करायची ती स्वतः, आणि तेही घटस्फोट होईपर्यंत.

कारण तिथली मेट्रन तिची पूर्वीची सासू होती. नवऱ्याने भरल्या घरात तिला नाही नाही ते सुनावलं, तेव्हा या बाईने तोंडातून ब्र काढला नव्हता. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. पण आता रुसवे कुरवाळायला वेळ कुठे होता? तिने नंबर लावला. तो अजून पाठ होता.

हाक काय मारायची इथेच गाडी अडली. शेवटी 'मॅडम' म्हणून तिने एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून भराभर चालणाऱ्या चपलांचा आवाज आला.

"बटण दाबलं. हिरवा दिवा लागलाय."

तिचा विश्वास बसेना. पण मोडेम खरंच जागा झाला होता. ती आत शिरली, आकडा सुधारला, लाइन उभी राहिली. स्कॅन गेला. थोड्या वेळाने मेट्रननेच फोन करून कळवलं, की सर्जन निघालेत, ऑपरेशनची तयारी चाललीय.

"कार्ड चालू कसं राहिलं?" तिने विचारलं.

"मी भरते ना रिचार्ज. तूच बजावलं होतंस, कार्ड बंद पडू द्यायचं नाही, वायरीला कुणाला हात लावू द्यायचा नाही. भिंती रंगवताना रंगारी ती काढायला निघाले होते. चांगली भांडले त्यांच्याशी."

घरात कधी आवाज न चढवणारी ही बाई तिच्या वायरीसाठी भांडली होती. इतकी वर्षं मनात धरलेली अढी सैल झाली, आणि कुणीतरी आपला शब्द एवढा जपला याचंच तिला भरून आलं.

"आई," ती म्हणाली, "फार मोठे उपकार झाले तुमचे. पुढच्या महिन्यापासून रिचार्ज मी करत जाईन."

"नको," मेट्रन म्हणाली. "तेवढं माझ्याकडेच राहू दे."