हातभर दोरा

"दोरा हातभरच घे गं. लांब दोऱ्याला गाठी फार."

आईचं हे वाक्य ठकूला पाठ होतं. ती अकरा वर्षांची असताना आईने तिला बाबांच्या शर्टाला बटण लावायला शिकवलं आणि बाबांनी नव्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ते सगळं टिपलं. आईला जाऊन आता तीन वर्षं झाली होती. बाबांची नजर त्याआधीच गेली होती. आईचा आवाज घरात उरला होता तो त्या एका कॅसेटमध्ये.

"एकदा ऐकव मला," बाबा म्हणाले होते. "तिचे शब्द आठवतात गं सगळे. पण हल्ली ते माझ्याच आवाजात ऐकू येतात."

"ऐकवीन, बाबा." ठकूने शब्द दिला.

कॅसेटला बुरशी लागली होती. दुरुस्तीवाल्याने फीत पुसून दिली आणि बजावलं, "एकदा चालेल. दुसऱ्यांदा चालली तर देवाची कृपा. पहिल्या फेरीतच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या."

ठकूने उसना व्हीसीआर आणून कॉम्प्युटरला जोडला. पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि तांबडी आवाजाची. आवाज ऐकायला मिळणार म्हणून दोन रात्री बाबांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. दुपारी कुठे ते खोलीतल्या खाटेवर निजले होते. आईचं बोलणं मुळातच खणखणीत. झोपेत तुकडे कानी पडण्यापेक्षा उठल्यावर पहिल्यापासून सलग ऐकवू, म्हणून तिने पांढरी आणि तांबडी वायर अलगद काढून ठेवल्या. तिला वाटलं, त्या आपल्या कानांपुरत्या; आत जायचं ते जाईलच.

बावीस मिनिटं ती जागची हलली नाही. पडद्यावर आईने सुई ओवली, दाताने दोरा तोडला. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. बाबांना टोमणाच असणार, कारण कॅमेरा धरलेल्या बाबांच्या हसण्याने सगळं चित्र गदगदलं.

मग तिने उतरवलेलं लावून पाहिलं. आईचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिने घाईने वायरी जोडल्या, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि कॅसेट पुन्हा आत घातली. यंत्र करकरलं. फीत चुरगळून बाहेर आली. बोटांना नुसती तपकिरी भुकटी.

"झालं का गं?" खाटेवरून बाबांनी विचारलं.

बुरशीवर खापर फोडता आलं असतं. तोंडाशी आलेलं ते वाक्य तिने गिळलं.

"चित्र आलं, बाबा. आवाज माझ्या हातून गेला. तुमची झोप मोडू नये म्हणून मी वायर काढली होती."

बाबा कितीतरी वेळ उशीची शिवण चाचपत राहिले.

"जन्मभर म्हणत आलो तिला, जरा हळू बोल," ते म्हणाले. "आज ऐकलंन माझं." हसायला गेले, पण मध्येच त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

आपला आवाज आईसारखा नाही, हे ठकूला ठाऊक होतं. तिने कॉम्प्युटर उचलून खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला, चित्र पहिल्यापासून लावलं आणि बाबांचा हात हातात घेतला. मग आईच्या ओठांवर नजर ठेवून ते हलायची वाट पाहत बसली.

ओठ हलले.

"दोरा हातभरच घे गं," ठकू त्या ओठांबरोबर म्हणू लागली.