कपाटात बंद केलेली चौसष्ट अक्षरं

मित्रांनो, मी जुना झालो असं म्हटलं तर तुम्हाला हसू येईल, कारण माझं वय अवघं अकरा वर्षं आहे. पण मी एक संगणकावरचा प्रोग्रॅम आहे, आणि आमच्यात अकरा वर्षांचा म्हणजे पणजोबाच. एका संगणकावरचे कागद, फोटो, पत्रं दुसऱ्या संगणकावर न्यायची आणि वाटेत कोणालाही ती वाचता येऊ नयेत म्हणून अक्षरांची पार सरमिसळ करून टाकायची, हे माझं काम. ज्याच्यासाठी पाठवलं त्याच्याकडे पोहोचलो की मी सगळं पुन्हा जागच्या जागी लावतो.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती, तिथे मला एका भावाबहिणीने घडवलं. तिथे टेबल एक आणि खुर्च्या दोन. त्यातली एक डुगडुगायची, आणि तिच्यावर कोणी बसायचं यावरून दादा आणि ताई रोज भांडायचे. पण काम चोख करायचे. मोठमोठ्या जाणकारांनी माझी परीक्षा घेतली आणि कोणालाही मला फोडता आलं नाही. एका मासिकात माझ्याबद्दल दोन परिच्छेद छापून आले, ते कात्रण दादाने भिंतीवर चिकटवलं. खोटं कशाला बोलू, माझ्याही डोक्यात हवा गेली.

मी नव्या माणसाला पहिल्याच पडद्यावर सहा प्रश्न विचारायचो. मग त्याच्यासमोर चौसष्ट अक्षरांची एक गुप्त ओळ ठेवायचो आणि खाली लाल अक्षरांत लिहायचो, 'ही ओळ जपून ठेवा. कोणाच्याही नजरेस पडू देऊ नका.' शंभरातले नव्वद लोक तिथूनच परत फिरायचे. "ज्यांना शिकायचंच नाही, त्यांना आपण काय करणार?" असं दादा म्हणायचा. मलाही ते पटायचं. लोक मठ्ठ आणि मी तेवढा शहाणा, अशी माझी ठाम समजूत होती. ती पुढे आत्याने मोडून काढली.

आत्या म्हणजे या दोघांची आत्या. घर सोडावं लागलेल्या बायका आणि त्यांची मुलं यांच्यासाठी ती एक वसतिगृह चालवायची. दारावर पाटी नव्हती, कारण तिथला पत्ता बाहेर कोणाला कळून चालणारच नव्हतं. त्या दिवसांत तिथे एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलगी एका जागी ठरायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. मुलगी माझ्याकडे द्या, असा अर्ज तिच्या वडिलांनी कोर्टात केला होता. शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत आईचं सही केलेलं निवेदन आणि बाकीचे दाखले कोर्टात जायला हवे होते. वकीलबाई दुसऱ्या गावात होत्या. दाखल्यांवर वसतिगृहाचा पत्ता होता, तो झाकूनच त्या ते कोर्टात देणार होत्या. पण वडिलांनी आधी एकदा आईचा मेल उघडून वाचला होता. कागद वेळेत गेले नाहीत तर भिंगरी आईपासून तुटणार होती, आणि उघड्यावर गेले तर वडील थेट दारात उभे राहणार होते.

"आत्या, माझा प्रोग्रॅम वापर, अगदी सोपा आहे," ताईने फोनवर सांगितलं. त्या 'अगदी सोपा'ची आठवण झाली की मला अजून ओशाळल्यासारखं होतं.

मंगळवारी आत्याने चष्मा लावून माझे सहा प्रश्न सोडवले. लाल अक्षरं तिने तीनदा वाचली. ऑफिसातला संगणक सगळ्यांचा होता, मुलं त्यावर चित्रं काढायची. मग नजरेस पडू द्यायचं नाही म्हणजे काय करायचं? तिने ती ओळ कागदावर छापून घेतली, कागद पाकिटात घालून चिकटवला, आणि बायकांचे दाखले ती ज्या लोखंडी कपाटात ठेवायची तिथे कुलपात टाकला. मग ती ओळ संगणकावरून पुसून टाकली. माझं सांगणं तिने शब्दशः पाळलं होतं.

बुधवारी सकाळी वकीलबाईंनी निवेदन लिहून आईच्या सहीसाठी पाठवलं आणि मला ते उघडता येईना, कारण त्याला लागणारी ओळच संगणकावर नव्हती. आत्याने पाकीट फोडलं आणि एका बोटाने चौसष्ट अक्षरं टाईप केली. छापलेल्या कागदावर शून्य आणि इंग्रजी ओ एकसारखेच दिसत होते. तिने पाच वेळा प्रयत्न केला. पाचही वेळा मी एवढंच म्हणालो, 'ओळ चुकीची आहे.' कुठे चुकलं ते सांगितलं नाही. मला तसं शिकवलंच नव्हतं.

भिंगरीची आई दारात उभी होती. "राहू द्या आता. साध्या मेलनेच मागवू. व्हायचं ते होईल."

"असं कसं होऊ देईन मी?" म्हणत आत्याने ताईला फोन लावला. "बाई गं, तुझ्या प्रोग्रॅमपुढे माझी अक्कल पुरत नाही. तूच ये."

ताई दुपारच्या बसने आली. आत्या काय काय झालं ते सांगायला लागली, तर ताई म्हणाली, "सांगू नकोस. कालसारखं सगळं पहिल्यापासून कर. मी एक शब्द बोलणार नाही." आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ती शेजारी बसली. न राहवून तिचा हात दोनदा बाहेर आला. दोन्ही वेळा टेबलाखालून भिंगरी म्हणाली, "हात काढलात तुम्ही." आत्या नवा कागद घेऊन कपाटाकडे निघाली, तेव्हा ताईचे डोळे भरून आले.

"आत्या, तू कुठेच चुकली नाहीस. मी लिहिलं तेच तू केलंस."

तिने तिथूनच दादाला फोन लावला. ती ओळ माणसाला दाखवायचीच कशाला, प्रोग्रॅमनेच सांभाळू दे, असं तिचं म्हणणं. आणि समोरचा माणूस खरा की खोटा, ते कसं कळणार, असं दादाचं. "दोघांच्या पडद्यावर तेच चार साधे शब्द दाखवायचे," ताई म्हणाली, "फोनवर एकमेकांना वाचून दाखवले की झालं." ही कल्पना दादाने वर्षापूर्वी पोरखेळ म्हणून बाजूला टाकली होती. आता तो एवढंच म्हणाला, "मी येतो."

दोन दिवस ते दोघे त्या ऑफिसात माझी काटछाट करत बसले. थोड्या थोड्या वेळाने कोणीतरी माझ्यासमोर बसायचं, कधी आत्या, कधी भिंगरीची आई, कधी स्वयंपाकाच्या मावशी. "पडताळणी म्हणजे काय हो?" असं मावशींनी विचारलं आणि तो शब्दच गेला. दादाही हात मांड्यांखाली घालून बसायला शिकला. माझे सहा प्रश्न गेले, लाल अक्षरं गेली. आधी मला वाईट वाटलं, उगाच कशाला लपवू? पण गुरुवारी संध्याकाळी दादाने जंग जंग पछाडलं तरी मी फुटलो नाही, तेव्हा कळलं की माझं काहीच कमी झालेलं नाही. आता माझ्याकडे एकच प्रश्न होता: कोणाला पाठवायचं आहे?

शुक्रवारी सकाळी आत्याने फोन कानाला लावून वाचलं, "छत्री, बदक, शिडी, लिंबू." पलीकडून वकीलबाईंनीही तेच वाचलं. त्यांनी निवेदन नव्याने पाठवलं आणि ते पटकन उघडलं. आईने वाचून सही केली, आणि दाखल्यांसकट सगळे कागद घेऊन मी निघालो. अकरा वाजून वीस मिनिटांनी वकीलबाईंचा फोन आला. "सगळं मिळालं. स्वच्छ दिसतंय." आत्या मटकन खुर्चीत बसली. आई तोंडावर पदर धरून रडली आणि मग रडता रडता हसायला लागली. माझा तर जीव भांड्यात पडला.

तीन आठवड्यांनी निकाल आला. भिंगरी आईकडेच राहिली.

आता माझ्याहून चपळ प्रोग्रॅम आले आहेत आणि त्या ऑफिसातल्या संगणकावरच काय तो मी उरलो आहे. पाकीट अजून कपाटात आहे. ते आता काही उपयोगाचं नाही, असं ताईने कितीदा सांगितलं, पण आत्या म्हणते, "जपून ठेवा, असं लिहिलं होतं ना? ठेवलंय."

मित्रांनो, तुम्हीही उद्या काही ना काही बनवाल. ते दुसऱ्याच्या हातात द्याल आणि तो अडखळेल, तेव्हा त्याला हसू नका आणि लगेच शिकवूही नका. त्याच्या शेजारी बसून आधी नुसतं बघा.

भिंगरी आता चौदा वर्षांची आहे. सुटीत ती आत्याला मदत करायला येते. परवा एक नवी आई घाबरत घाबरत माझ्यासमोर बसली, तेव्हा भिंगरीने खुर्ची ओढून घेतली. "सावकाश करा, काही मोडत नाही," ती म्हणाली, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून गप्प बसली.