खलातला शेंदूर

खंडेनवमीच्या सकाळी नागूनं तेलात कालवलेला शेंदूर बोटावर घेतला आणि लोखंडी खलाला बाहेरून टिळा लावला. मग मनात काय आलं कोण जाणे, आतही दोन बोटं ओढली. बत्त्यालाही फासला. बायको मैना म्हणाली, हळदकुंकू पुरे की, मारुतीचा शेंदूर कशाला? पण नागूला पुरे कुठलं! कर्णिकबाईंचं काम अडलं होतं, आणि बाईंचं काम म्हणजे देवाच्या कानावर घालायची गोष्ट.

आणीबाणी उठली त्याच वर्षीची ही गोष्ट. नागूच्या बापानं कर्जतच्या बाजारात पाटे-वरवंटे विकले. नागू बाईंसाठी दगडाचं पीठ करायचा. गाव हसायचं, हसू दे. पळसदरीला भाड्यानं राहणाऱ्या कर्णिकबाई कॉलेजात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. दक्षिणेतल्या एका खोऱ्यातून त्यांनी काळे दगड आणले होते, पृथ्वीच्या बाळपणी थिजलेल्या लाव्हाचे. तो लाव्हा कुठं ओतला गेला, या एका प्रश्नापायी बाईंची उमेदीची वर्षं सरली होती.

त्यांनी नागूला एकदा समजावलं होतं. समुद्राचा तळ जमिनीखाली बुडतो तेव्हा ओल घेऊन जातो. ती ओल वरच्या खडकात शिरते आणि तिथून उठणाऱ्या लाव्हात शिसं वगैरे जास्त उतरतं. त्या ज्वालामुखींच्या पाठीमागं जमीन फाटते, नवा समुद्र उघडतो. तिथल्या लाव्हात ही खूण फिकी पडत जाते. दगड दळून तपासला की खूण सापडते. नागू म्हणाला होता, मडकं कितीबी धुतलं तरी मासळीचा वास राहतोच ना, तसं. बाई हसल्या होत्या.

दसऱ्यानंतर नागूनं खल फडक्यानं पुसला आणि दक्षिणेचे दगड दळायला घेतले. पुड्या तपासायला मुंबईच्या प्रयोगशाळेत गेल्या. उत्तर आलं, शिसं भरपूर! बाईंनी पेढे वाटले. "बुडाला होता रे समुद्र. मी म्हणतच होते," म्हणाल्या. ज्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं त्यांच्यासाठी लेख लिहून धाडला. नागूला वाटलं, मारुती पावला. सुख असं आयतं दारात येऊन बसलं की मैनाला मात्र भ्याच वाटायचं.

बाई पडल्या काटेकोर. पडताळा म्हणून त्यांनी पाठोपाठ पळसदरीचा कातळही दळून पाठवला होता. हा कुठून आला ते ठाऊक होतं. याच्याखाली समुद्र बुडालेला नव्हता, तेव्हा खूण निघायला नको. त्याचं उत्तर काही येईना. थंडीभर बाई पोस्टमनची वाट बघत राहिल्या. खोकला वाढला, साडी अंगावर लोंबायला लागली.

शेवटी उत्तर आलं. पळसदरीच्या कातळातही शिसं होतं. भरपूर.

बाई दळायच्या शेडमध्ये आल्या, खलावर वाकल्या. तळाशी केसाएवढी चीर होती आणि चिरेत लाल.

"हे काय?"

"शेंदूर, बाई. खंडेनवमीचा."

"शेंदूर म्हणजे शिसंच असतं रे, नागू."

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथं तर देणारा हात नि नेणारा हात एकच निघाला.

"कशासाठी लावलास?" बाईंनी विचारलं.

"तुमाला यश यावं म्हून."

बाई इथल्याच दगडांच्या ढिगावर बसल्या. नागू गयावया करू लागला, खल वाळूनं घासतो, परत दळतो, रातचा दिस करतो.

"दगड कुठून आणशील? त्या खोऱ्यावर आता धरणाचं पाणी आहे."

होते ते सगळे त्यानंच दळले होते, शेवटच्या खड्यापर्यंत.

बाईंनी लेख मागं घेतला. चूक माझी, एवढंच कळवलं. नागूचं नाव कुठं घेतलं नाही, त्याला कामावरूनही काढलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो मैनाला म्हणायचा. उन्हाळ्यात बाई गेल्या. भाची येऊन पुस्तकं घेऊन गेली; खल जड, तो राहिला.

पुन्हा खंडेनवमी आली. नागूनं खल वाळूनं घासला, चिरेत काडी घालून घालून साफ केला. मैनानं शेंदराची वाटी पुढं केली. त्यानं बोट बुडवलं, खलाशी नेलं. आता लावलं असतं तरी कुणाचं काय बिघडणार होतं?

त्यानं बोट धोतराला पुसलं, आणि फूल तेवढं खलाच्या बाहेर, जमिनीवर ठेवलं.